घरी बनवलेल्या सीएनसीवर गोल गोल का येत नाही?

आर्णीकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्यांनी लोखंडी चौकोनी पाइप वेल्डिंग करून दोन बाय तीन फुटांचं सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं यंत्र) बनवलंय. १६०५ चे बॉल स्क्रू, नेमा २३ स्टेपर मोटारी (पायरीपायरीने फिरणाऱ्या), टीबी ६६०० ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर (एका पायरीचे १६ भाग), २४ व्होल्टचा सप्लाय, आर्डुइनो उनो बोर्डावर जीआरबीएल (यंत्र चालवणारा प्रोग्राम) आणि व्हीएफडीवर (वेग ठरवणारा डबा) चालणारा २.२ किलोवॅटचा स्पिंडल, म्हणजे कापणारं बिट फिरवणारी मोटार. सागवानात देवघराच्या दारांची नक्षी करायची आहे. अडचणी तीन. १०० मिमीची गोल चकती कापली तर एक्सच्या दिशेने १००.४४ आणि वायच्या दिशेने ९९.२४ भरते, शिवाय कडेला चार ठिकाणी चपटी दिसते. संध्याकाळी यंत्र चालवलं की नक्षी मध्येच दोन-तीन मिलिमीटर सरकते. आणि बारीक कामात लाकूड काळं पडतं. यावर उपाय म्हणून त्यांनी जीआरबीएलमधला $१०० चा आकडा (एक्सला एक मिमी चालायला किती पायऱ्या) ६४० वरून ६३७.२ केला आणि $१०१ चा, म्हणजे वायचा, ६४४.९. चकती बरोबर आली, पण मग ३०० मिमीची चौकट २९९.१ बाय ३०१.५ झाली. आता विचारतात, "आकडे नेमके किती टाकू? की सरळ क्लोज्ड लूप (आपली हुकलेली पायरी स्वतः ओळखणाऱ्या) मोटारी घेऊ?"

भाऊ, आकडे पुन्हा ६४० वर आणा आणि पैसे तूर्त खिशात ठेवा. तुमचा प्रश्न आकड्यांचा नाहीच. यंत्रात कुठेतरी प्ले (जोडांतला ढिलेपणा) आहे आणि तो तुम्ही आकड्यांनी झाकायला बघताय. मी आयटीआयचा टर्नर, हिंगणघाटजवळ वेल्डिंग आणि नक्षीकामाचं दुकान आहे. आजवर चार यंत्रं बनवली. पहिल्याच्या वेळी मीही नेमकं हेच केलं होतं, म्हणून इतकं ठामपणे लिहितोय.

आधी हिशेब बघा. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या, त्यांचे १६ भाग म्हणजे ३२००. १६०५ मधला शेवटचा ०५ म्हणजे एका फेऱ्यात ५ मिमी. ३२०० भागिले ५ बरोबर ६४०. हा आकडा गणिताने आलेला आहे, मोजून ठरवायचा नाही. स्क्रूमध्ये चूक असतेच, पण बाजारात मिळणारा रोल केलेला सी ७ दर्जाचा स्क्रू घेतला तरी ३०० मिमीत ०.०५ मिमीच्या आसपासच फरक धरतात. त्या हिशेबाने ६४० चा फार तर ६४०.१ होईल किंवा ६३९.९. तुमचा ६४४.९ सांगतो की स्क्रू ३०० मिमीला सव्वादोन मिलिमीटर चुकतोय. इतका वाईट बॉल स्क्रू कोणी बनवायला बसला तरी बनणार नाही.

आता तुमचीच मापं. वायमध्ये १०० ला ०.७६ कमी पडलं, म्हणून तुम्ही आकडा पाऊण टक्क्याने वाढवला. चूक खरंच टक्क्यातली असती तर ३०० ची बाजू ३०० च आली असती. पण वाढीव आकड्याने यंत्र चाललं ३०२.३ आणि त्यातून तेच ०.७६ पुन्हा वजा झालं. ३०१.५. एक्समध्ये उलटं, २९८.७ मध्ये ०.४४ मिळवा, २९९.१. म्हणजे १०० असो की ३००, चूक तेवढीच राहते. लांबीबरोबर वाढत नाही ती चूक आकड्याची नसते. ती प्लेची असते, बिटच्या जाडीची असते, नाहीतर यंत्र वाकण्याची. बाजारातलं ६ चं बिट बरेचदा ५.९ भरतं, तेवढ्याने चकती दोन्ही बाजू मिळून ०.१ ने मोठी येते. कापताना बिट आणि गँट्री (स्पिंडल धरणारी, सरकणारी कमान) बाहेरच्या अंगाला रेलली की आणखी थोडी मोठी. प्लेमुळे मात्र ती लहान होते. तुमच्या वायमध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळल्यात, म्हणून खरा प्ले ०.७६ पेक्षा जास्तच निघेल. माझा अंदाज मिलिमीटरभर.

गोलाचा आकारच रोग सांगतो, तो वाचायला शिका. घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी चपटा असेल तर प्ले, कारण तिथे एकेक अक्ष दिशा बदलतो आणि प्ले भरून निघेपर्यंत जागीच उभा राहतो. तिरका लांबट असेल, म्हणजे दीड आणि साडेसातच्या दिशेने जास्त आणि साडेचार-साडेदहाच्या दिशेने कमी, तर एक्स आणि वाय गुण्यात (काटकोनात) नाहीत. सरळ आडवा-उभा लांबट असेल आणि मोठ्या गोलात फरक त्याच प्रमाणात वाढत असेल, तरच आकड्याकडे जा. माझ्याकडे आलेल्या यंत्रांत हा तिसरा प्रकार बहुतेक वेळा पट्टा बसवलेल्या किंवा रॅक-पिनियनच्या यंत्रांत निघाला, बॉल स्क्रूत जवळजवळ नाहीच.

प्ले शोधायला एक डायल गेज आणि मॅग्नेटचा स्टँड घ्या, ०.०१ मिमीचा. नागपूरला इतवारीत लोहाओळीत मिळतो. एका क्लोज्ड लूप मोटारीपेक्षा खूप स्वस्त पडतो आणि जन्मभर पुरतो. स्टँड बेडवर चिकटवा, टोक स्पिंडलच्या अंगाला टेकवा. एकाच दिशेने १-१ मिमीचे दोन-तीन टप्पे चाला, डायल शून्य करा, आणखी १ मिमी चाला. डायल १.०० दाखवेल. आता १ मिमी मागे या. ०.०० ऐवजी ०.३० वर काटा थांबला तर प्ले ०.३० चा. हे तिन्ही अक्षांवर, बेडच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना करा, कारण स्क्रूचा मधला भाग जास्त झिजतो.

प्ले आहे हे कळल्यावर तो कुठे आहे हे हाताने शोधायचं. नखपॉलिश घ्या (घरी मागून घ्या, गपचूप उचलाल तर ऐकून घ्यावं लागेल). मोटारीच्या दांड्यावरून कपलिंगवर (मोटार आणि स्क्रू जोडणारा तुकडा) आणि कपलिंगवरून स्क्रूवर अशी एक सरळ बारीक रेघ ओढा. अर्धा तास यंत्र चालवा. रेघ तुटून दोन्हीकडे सरकली असेल तर कपलिंग घसरतंय. नेमा २३ चा दांडा बहुधा ६.३५ मिमीचा असतो आणि दुकानदार ६.५ चं किंवा ८ चं कपलिंग हातात देतो. लोक त्यात पत्र्याची पट्टी कोंबतात. एवढं करू नका, नेमक्या भोकाचं आणा, ग्रब स्क्रूऐवजी चिमटा पद्धतीचं आणा. ग्रब स्क्रूचंच असेल तर दांड्यावर कानशीने चपटं करून त्यावर स्क्रू बसवा.

रेघ शाबूत असेल तर मोटार चालू ठेवून, म्हणजे ती जागेवर घट्ट असताना, गँट्री हाताने मागे-पुढे ढकला आणि दुसऱ्या हाताचं बोट स्क्रूच्या टोकावर ठेवा. स्क्रू स्वतःच लांबीच्या दिशेने डुलत असेल तर बीके १२ ब्लॉकमधला (स्क्रूचं टोक धरणारं बेअरिंगचं घर) नट ढिला आहे. तो आवळा, बेअरिंग जड होईल इतकं नाही, डुलणं थांबेल इतकंच, आणि बाजूचा छोटा स्क्रू लावून कुलूप करा. स्क्रू स्थिर आहे आणि गँट्री हलतेय, तर बॉल नट किंवा त्याचं घर. घराचे बोल्ट आधी बघा. तुमच्या मिलिमीटरभर प्लेसाठी मी पैज बीकेच्या नटवर लावेन. नवा बॉल नट इतका ढिला नसतो.

त्यानंतर वाकणं. हे मोजायला माझ्याकडे एक गावठी युक्ती आहे. कापूस वेचणीच्या वेळी मजुरांचं वजन करायला जो हुकाचा काटा असतो तो आणा. कॉलेटमध्ये (स्पिंडलची बिट धरायची चिमटी) ६ चा दांडा धरा, त्याला दोरी बांधून काट्याने १० किलो ताणा आणि विरुद्ध बाजूला डायल लावा. माझ्या पहिल्या यंत्रात डायल ०.९ दाखवायचं. आत्ताच्यात ०.१२ दाखवतं, आणि सागवानाच्या नक्षीला ते पुरतं. पहिल्याची गँट्री मी हौसेने उंच केली होती, म्हटलं पुढेमागे जाड ठोकळेही कापू. उभ्या खांबाची उंची दुप्पट केली की त्याचं वाकणं आठपट होतं. हे टर्नरला माहीत असायला हवं होतं, टूल बाहेर किती काढायचं हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण घरचं यंत्र बनवताना हुशारी सुटीवर जाते. गँट्रीखाली ७०-८० मिमी जागा ठेवा, देवघराच्या दाराला त्याहून जास्त लागत नाही. आडव्या बीमसाठी ५० बाय ५० ऐवजी १०० बाय ५० चा पाइप घ्या आणि १०० ची बाजू ज्या दिशेने ढकल येते तिकडे ठेवा, म्हणजे पुढे-मागे.

आता काटकोन. तुमच्या वायला दोन्ही बाजूंनी दोन स्क्रू आणि दोन मोटारी आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. दोन असतील तर लाइट गेली की मोटारी ढिल्या पडतात आणि गँट्री एका बाजूने पायरी-दोन पायऱ्या सरकून बसते. पुन्हा चालू केल्यावर ती तिरकीच चालते. मी बेडच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक जाड बोल्ट लावलाय. चालू करण्याआधी गँट्री दोन्ही बोल्टांना हाताने टेकवायची, मग स्विच. हे बोल्ट एकदा गुण्यात लावून घ्यावे लागतात. त्यासाठी सुतारांची तीन-चार-पाच रीत वापरा, पण कागदावर नाही, यंत्रालाच करू द्या. एका एमडीएफवर एकाच बिटने तीन भोकं पाडा: शून्यावर एक, एक्समध्ये ४५० वर एक, वायमध्ये ६०० वर एक. शेवटच्या दोन भोकांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा, दोन्हीकडची एकाच बाजूची कड धरून. ७५० आलं तर काटकोन. १ मिमीचा फरक आला तर ६०० मिमीत सुमारे पावणेदोन मिमी तिरपं आहे. तेवढा बोल्ट फिरवा, पुन्हा भोकं पाडा. आपल्या हाताचा गुण्या पडून-झडून बिघडलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि इथे एक गोष्ट जी पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत तुम्हाला कोणी सांगणार नाही. आपल्याकडची जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तुमचं शेड शेतात किंवा गावाबाहेरच्या काळ्या मातीवर असेल तर फरशी वर्षभर एका जागी राहत नाही. माझं दुसरं यंत्र मी फेब्रुवारीत गुण्यात लावलं, डायलवर सगळं झकास. पोळ्याच्या सुमारास एका मोठ्या दाराची दोन पानं कापली आणि ती एकमेकांना मिळेनात. चार दिवस इलेक्ट्रॉनिक्स उसवत बसलो. शेवटी माझ्या वडिलांनी, जे स्वतः सुतार, दोन दोऱ्या काढल्या. बेडच्या चारही कोपऱ्यांवर आडव्या-तिडव्या कर्णात ताणल्या. दोऱ्या मधोमध एकमेकींना नुसत्या शिवायला हव्यात. आमच्या दोन दोऱ्यांत चार मिलिमीटरचं अंतर होतं. एका पायाखालची फरशी उचलली गेली होती आणि सगळ्या फ्रेमला पीळ बसला होता. तेव्हापासून चारही पायांना लेव्हलिंग बोल्ट, आणि वर्षातून दोनदा, मृगाचा पाऊस पडून महिना झाल्यावर आणि होळीनंतर, दोऱ्या ताणून बघणं ठरलेलं. तुमचं घर मुरमाड जागेवर असेल तर हा त्रास कमी, तेव्हा आधी तुमच्या भिंतींना भेगा आहेत का ते बघा.

उन्हाचंही तसंच. टिनाच्या शेडमध्ये डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी ४५ च्या वर. ३० अंशांच्या फरकाला एक मीटर लोखंड ०.३६ मिमी वाढतं, अॅल्युमिनियम ०.७ च्या आसपास. तुमची गँट्री अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलची आणि तिच्यावरच्या रेल स्टीलच्या असतील तर हिवाळ्यात घट्ट कसलेलं यंत्र मे महिन्यात दुपारी अडकून चालतं. स्टेप हुकण्याचं ते एक कारण असू शकतं. एक रेल घट्ट ठेवा, दुसरीचे बोल्ट ढिले ठेवून गँट्री टोकापासून टोकापर्यंत चालवत चालवत आवळा. आणि वॉटर कूलर यंत्राच्या तोंडावर ठेवू नका, भाऊ. मीही ठेवला होता. आठ दिवसांत रेलवर गंजाचे तांबूस ठिपके आले आणि सागाच्या पाटीला ओल लागून नक्षीच्या रेघा एका बाजूला खोल, एका बाजूला उथळ. पाण्यावर थंड होणारा स्पिंडल असेल तर प्लास्टिकच्या बादलीऐवजी मातीच्या रांजणात पंप सोडा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात रांजणातलं पाणी बादलीपेक्षा बरंच गार राहतं.

आता दुसरी अडचण, नक्षी सरकण्याची. सरकणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींचं औषध वेगळं. एक, सगळं नीट चालू असताना अचानक उडी, आणि पुढचं सगळं काम त्या उडीइतकं बाजूला. दोन, हळूहळू, दर फेरीला किंचित, काम संपेपर्यंत दीड-दोन मिमी. तुमच्या वर्णनावरून ते पहिलं वाटतं, पण फोटो नसल्याने खात्रीने सांगत नाही. म्हणून ही चाचणी करा. डायल स्पिंडलला टेकवून शून्य करा, यंत्र दूर न्या, तेच काम हवेत चालवा, लाकडाच्या दोन बोटं वर. आधी स्पिंडल बंद ठेवून. परत शून्यावर आणा, डायल बघा. मग स्पिंडल चालू करून पण हवेतच. मग लाकडात. बंद स्पिंडलला चूक आली तर मोटार, ड्रायव्हर किंवा आकडे. स्पिंडल चालू केल्यावरच आली तर व्हीएफडीचा विजेचा उपद्रव (नॉइज) वायरींत शिरतोय. फक्त लाकडात आली तर भार जास्त आहे नाहीतर कपलिंग घसरतंय. हीच तीन फेऱ्यांची चाचणी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एक दिवस जाईल, पण अंदाजाने सामान बदलण्याचे महिने वाचतील.

संध्याकाळीच होतं म्हणताय, तर मल्टिमीटर दोन ठिकाणी लावा: भिंतीच्या सॉकेटला आणि यंत्र चालू असताना ड्रायव्हरच्या २४ व्होल्टच्या टोकांना. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर २३० चे १७५ झालेले मी बघितलेत. तेव्हा स्वस्तातला सप्लाय भार आला की २४ वरून खाली बसतो आणि मोटारीची ताकद वेगात कमी पडते. स्टेपर मोटार थांबलेली असताना दांडगी असते, वेग वाढला की तिची ताकद झपाट्याने घटते, आणि ती घट व्होल्टेज वाढवून पुढे ढकलता येते. म्हणून ३६ व्होल्टचा सप्लाय लावा. टीबी ६६०० तेवढं सोसतो, त्याच्यापुढे मात्र नेऊ नका. पुढेमागे डीएम ५४२ ड्रायव्हर घेतले तर आणखी निवांत. स्पिंडलच्या व्हीएफडीसाठी वेगळी जाड वायर मीटरपासून आणा, नियंत्रणाच्या बोर्डासोबत एकाच एक्स्टेन्शनवर लटकवू नका.

उपद्रवाबद्दल. स्पिंडलची केबल जाळीवाली घ्या, ती जाळी व्हीएफडीच्या अर्थला जोडा, आणि मोटारींच्या, लिमिट स्विचच्या वायरींपासून ती वीतभर दूर न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. अर्थिंग खरं असायला हवं. खेड्यात बरेचदा तिसरी पिन नुसती शोभेची असते. काळ्या मातीतला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठाक पडून भेगाळतो, मग तो असून नसल्यासारखा. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका आणि एकदा जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. व्हीएफडी उघडणार असाल तर बंद करून दहा मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर तोवर चटका देतात.

सरकणं हळूहळूचं निघालं तर मात्र कारण वेगळं. दिशा बदलताना ड्रायव्हरला दिशेचा इशारा आणि पुढचा पल्स (एक पायरी टाकायचा इशारा) यांत काही मायक्रोसेकंदांचं अंतर लागतं. ते कमी पडलं की दर उलट फेरीला एखादी पायरी चुकते. ६४० च्या हिशेबाने एक पायरी म्हणजे ०.००१६ मिमी, कोणाला दिसणारही नाही. पण उठावाच्या नक्षीत हजार फेऱ्या सहज होतात, आणि हजार गुणिले ०.००१६ म्हणजे दीड मिलिमीटर. $२ मध्ये (पल्स सरळ की उलटा हे ठरवणारा आकडा) आधी ०, मग ७ ठेवून हवेतली चाचणी दोनदा करा. ज्या आकड्याला डायल शून्यावर परत येतं तो ठेवा. माझ्या तिसऱ्या यंत्रात गणपतीची सोंड डावीकडे सरकत सरकत कानाला टेकली होती, ती या एका आकड्याने जागेवर आली. गिऱ्हाइकाने ती पाटी घेतली नाही. अजून दुकानात टांगलेली आहे.

आकड्यांकडे आता येतो, सगळं ठाकठीक झाल्यावर. १६ मायक्रोस्टेपचे ८ करा. मायक्रोस्टेपने यंत्र गुळगुळीत चालतं, अचूक होत नाही. मग $१०० आणि $१०१ होतील ३२०. याचा दुसरा फायदा असा की जीआरबीएल उनोवर सेकंदाला साधारण ३०,००० पल्सच काढू शकतं. तुम्ही $११० मध्ये (एक्सचा कमाल वेग, मिनिटाला मिमी) ५००० टाकलेत असं दुसऱ्या प्रतिसादात लिहिलंय. ६४० ला त्यासाठी सेकंदाला ५३,००० पल्स लागतील, ते होणारच नाही. ३२० ला २६,७०० लागतात, तेही अगदी काठावर. ३००० ठेवा.

लाकूड काळं पडण्याचं मूळही इथेच असावं. तुमचा $१२० (एक्सचा प्रवेग) पहिल्यापासून होता तसा १० वरच आहे ना? ४० मिमी प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला २४०० चा वेग गाठायला १० च्या प्रवेगाने ८० मिमी अंतर लागतं. नक्षीत ८० मिमीची सरळ रेघ कुठे सापडते? म्हणजे तुम्ही प्रोग्राममध्ये २४०० लिहिता आणि बिट प्रत्यक्षात गोगलगायीसारखं घासत फिरतं. २०० केला तर तोच वेग ४ मिमीत गाठतो. ५० पासून सुरू करा, दुप्पट करत जा, हवेतली चाचणी फसली की तिथून चाळीस टक्के मागे या आणि तिथेच राहा. एक्स, वाय, झेड वेगवेगळे ठरवा. झेडला स्पिंडलचं वजन उचलायचं असतं.

बिटने लाकूड घासायचं नाही, खरवडून उडवायचं. ६ मिमीच्या दोन धारांच्या बिटला सागवानात दर धारेमागे ०.१ मिमीच्या आसपास चावा द्या. १२,००० फेरे गुणिले २ धारा गुणिले ०.१ म्हणजे मिनिटाला २४००. बारीक ३ मिमीच्या बिटला चावा निम्मा, म्हणून १२००. हे आकडे सुरुवातीचे आहेत. यंत्र कडक असेल तर वाढवा, थरथरलं तर खोली कमी करा, चावा नाही. बेडखाली काय पडतंय ते चिमटीत घेऊन बघा: रंध्याखालून निघतात तसे बारीक छिलके हवेत. पिठासारखा भुसा पडत असेल तर फेरे कमी करा किंवा वेग वाढवा. सागवानात सिलिका असते, तिच्यामुळे धार लवकर जाते. बल्लारशाकडचं चांगलं जुनं सागवान असेल तर आणखी लवकर. कार्बाइडचंच बिट वापरा आणि एक नवं कोरं बिट फक्त तुलनेसाठी बाजूला ठेवा. काळं पडलं की आधी ते लावून बघायचं.

सागाचा भुसा नाका-डोळ्यांना चांगला नाही, मास्क लावा. आणि उन्हाळ्यात आपण सगळेच दुपट्टा गळ्यात गुंडाळून फिरतो, तो शेडच्या दाराच्या खिळ्याला टांगून मग आत या. १२,००० फेऱ्यांचा स्पिंडल दुपट्ट्याचं टोक ओढायला लागला तर स्विचपर्यंत हात पोचत नाही.

क्रम पुन्हा एकदा, कारण लोक तो उलटा धरतात. दोऱ्या ताणून पीळ बघा, मग कपलिंग आणि बीकेचे नट, मग डायलने प्ले, मग काटकोन. त्यानंतर व्होल्टेज आणि अर्थिंग. मग मायक्रोस्टेप, वेग, प्रवेग. ६४० किंवा ३२० ला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही ५०० मिमी चालवून मोजल्यावरच. दहा सेंटीमीटरच्या चकतीवर कधीच नाही.

क्लोज्ड लूप मोटारींचं म्हणाल तर त्या वाईट नाहीत. पायरी हुकली तर स्वतः भरून काढतात, फारच मागे पडल्या तर काम थांबवतात. पण त्यांचा डोळा मोटारीच्या मागच्या टोकाला असतो. कपलिंग घसरलं, बीके डुलला, गँट्री वाकली, तर त्यांना काहीच दिसत नाही. आज तुमच्या यंत्राला त्या लावल्या तरी चकती ९९.२४ चीच येईल.

लाइट जाण्याचं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. बोर्ड, मोटारींचा सप्लाय आणि लॅपटॉप छोट्या यूपीएसवर ठेवा. स्पिंडल त्यावर चालणार नाही, म्हणून लाइट गेली की हाताने काम थांबवायचं. यूपीएसही संपला तर जीआरबीएल आपली जागा विसरतं. होमिंग स्विच (यंत्राला सुरुवातीची ठरलेली जागा दाखवणारे) असतील तर होमिंग करून तोच शून्य परत मिळतो आणि ज्या ओळीवर काम तुटलं त्याच्या थोडं आधीपासून सुरू करता येतं, आधी झेड वर घेऊन आणि स्पिंडल चालू करून. स्विच नसतील तर लाकडाबाहेर बेडवर एक बारीक भोक पाडून तेच शून्य धरायची सवय लावा. माझ्या पहिल्या यंत्राला अजून तसंच भोक आहे.

डायलचे आकडे मिळाले की इथेच टाका: तिन्ही अक्षांचा प्ले, १० किलोच्या ताणाचं वाकणं आणि तीन भोकांचं माप. वायला मोटारी किती तेही लिहा. कपलिंगवरच्या रेघेचा अर्ध्या तासानंतरचा फोटो जवळून काढा, फ्लॅश बंद करून, नाहीतर नखपॉलिश चमकते आणि काही दिसत नाही.